लोहगावची लिबरेटर, दाबोळीचं अलीझे आणि आपली बिरसी

आज जरा लांब लिहितोय. वेळ असेल तेव्हाच वाचा.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरात पिमा नावाचं विमानांचं मोठं म्युझियम आहे. तिथे चार इंजिनांचं, जाड पोटाचं, मागे दोन उभ्या शेपट्या असलेलं एक लिबरेटर विमान उभं आहे. दुसऱ्या महायुद्धातलं. बघणारे ते अमेरिकेचं म्हणून बघतात, आणि ते खोटंही नाही, कारण बनलं ते अमेरिकेतच. पण ते तिथे पोचलं १९६९ साली, भारतातून उडत. कॅनडात ओटावाच्या म्युझियममध्ये असंच एक लिबरेटर आहे, तेही आपल्याकडून गेलेलं. त्याच्या बदल्यात कॅनडाने आपल्याला लायसँडर नावाचं छोटं जुनं विमान दिलं, ते दिल्लीत पालमच्या वायुसेना संग्रहालयात आहे. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सच्या म्युझियममधलं लिबरेटर १९७४ साली भारतीय वायुसेनेने भेट दिलेलं. म्हणजे ज्यांनी ही विमानं वापरून युद्ध जिंकलं, त्यांच्याकडे म्युझियमला ठेवायला धड विमान उरलं नव्हतं, आणि ते त्यांना पुरवलं आपण.

आणि आपल्याकडे ती कुठे उडत होती? पुण्याला. लोहगावला.

आता कोहमाऱ्याच्या फाट्यावर बसून पुण्याच्या विमानांचं काय घेऊन बसलास, असं कुणी म्हणेल. थोडं थांबा, बिरसीपर्यंत येतो.

महायुद्ध संपलं तेव्हा कानपूरच्या चकेरी तळावर जवळपास शंभर लिबरेटर उभी होती. अमेरिकेने ती मित्रराष्ट्रांना उसनवारीच्या कराराने दिलेली, त्यामुळे काम झाल्यावर परत तरी करायची नाहीतर निकामी तरी करायची, असा नियम. ब्रिटिशांनी निकामी करायचं ठरवलं. कुठे बुलडोझर घातला, कुठे इंजिनात वाळू ओतली, कुठे कुदळीने पत्र्याला भोकं पाडली, आतली यंत्रं फोडली. आणि तसंच टाकून गेले.

मग १९४७-४८ चं काश्मीरचं युद्ध आलं. नव्या देशाकडे लांब पल्ल्याचं एकही मोठं बॉम्बर विमान नव्हतं आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्याला विचारलं गेलं की त्या कानपूरच्या भंगारातून काही होतं का बघा. परदेशी जाणकारांचं मत होतं की होणार नाही. कारखान्याच्या मिस्त्री लोकांनी एका विमानाचा पार्ट दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला असं करत ती कशीबशी उडण्यालायक केली, आणि जमशेद मुन्शी नावाच्या टेस्ट पायलटने ती एकेक करून बंगळूरला नेली. त्यांनी त्याआधी हे विमान कधी चालवलेलं नव्हतं. चाकं खालीच ठेवून, कमी उंचीवरून, एवढा लांबचा पल्ला! बंगळूरला मग नीट दुरुस्ती झाली. अशी चाळीसच्या वर विमानं वायुसेनेला मिळाली. नोव्हेंबर १९४८ मध्ये पहिली तुकडी उभी राहिली.

या देशात जुगाड शब्द आपण थट्टेने वापरतो. मला तरी या प्रकरणात थट्टा दिसत नाही.

१९५१ पासून वायुसेनेच्या सहा नंबरच्या स्क्वाड्रनकडे ही विमानं आली आणि तिला काम मिळालं समुद्रावर गस्त घालण्याचं. तळ पुणे. पुण्याला समुद्र नाही हे खरं, पण उडालं की थोड्याच वेळात घाट ओलांडून अरबी समुद्र सुरू होतो. आपल्या देशाला हजारो किलोमीटरचा किनारा. त्यापलीकडे कोणतं जहाज कुठे चाललंय, कुणाची पाणबुडी फिरतेय का, हे बघायला कुणीतरी रोज वर जायलाच हवं. लिबरेटरला हे काम नवं नव्हतं. महायुद्धात अटलांटिक महासागराच्या मधोमध एक पट्टा होता, जिथे किनाऱ्यावरून कोणतंच विमान पोचत नसे आणि जर्मन पाणबुड्या तिथे जहाजांचे कळप बुडवायच्या. १९४३ मध्ये जास्त पल्ल्याच्या लिबरेटरनीच तो पट्टा बंद केला.

पण गस्त म्हणजे सिनेमातलं युद्ध नाही, हे लक्षात घ्या. गस्त म्हणजे आठ-आठ, दहा-दहा तास एकाच निळ्या पाण्याकडे बघत राहणं. आत हवेचा दाब राखायची सोय नाही, गारठा, इंजिनांचा कान फाडणारा आवाज, थर्मासमधला चहा. रडारवर ठिपका दिसला की खाली जायचं, जहाजाचं नाव वाचायचं, वेळ लिहायची, पुन्हा वर. बहुतेक दिवशी काहीच घडत नाही, आणि काही घडलं नाही म्हणजेच काम नीट झालं. अशा कामाला शौर्यपदक मिळत नाही. त्याची आठवण फक्त ते करणाऱ्यालाच असते.

आणि जो वर गेलाच नाही त्याचं काय? विमान उतरल्यावर रात्रभर दिव्याखाली इंजिन उघडून बसणारा फिटर, रिगर, वायरलेसवाला, बॅटरीवाला. १९६८ च्या ३१ डिसेंबरला लिबरेटर निवृत्त झाली, तेव्हा जगात कुठल्याही सैन्याकडे हे विमान उरलेलं नव्हतं. ज्या देशाने १८ हजारांहून जास्त बनवली त्याच्याकडेही नाही. कुदळीने भोकं पाडलेलं विमान वीस वर्षं उडतं ठेवणं हे पायलटइतकंच त्या फिटरचं काम आहे. नागपूरला वायुसेना नगरात मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, आपल्यापैकी कितीतरी जण त्या गेटसमोरून गेले असतील. दुरुस्ती करणारी माणसं म्हणजे काय चीज असते, हे तिथल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा.

आता म्युझियमचा मुद्दा. याच भारतीय लिबरेटरपैकी एक १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेलं. त्यांनी ते १९८९ मध्ये पुन्हा उडतं केलं आणि पुढची तीसेक वर्षं गावोगावच्या विमानतळांवर फिरवलं. विमान आलं की त्या भागातले म्हातारे सैनिक यायचे. ऐंशी-नव्वदीचे. कुणी काठी टेकत, कुणी चाकाच्या खुर्चीवर. पोटाखालच्या अरुंद दारातून आत शिरायचं, आपली बसायची जागा शोधायची आणि बोलायला लागायचं. ज्यांनी चाळीस वर्षं घरात तोंड उघडलं नाही, असे लोक त्या पत्र्याला हात लावल्यावर नातवंडांसमोर बोलू लागले. ते बोलणं टिपून घ्यायला माणसं असायची. तिकडे अशा मुलाखतींचे मोठमोठे संग्रह झालेत.

त्यांच्या आठवणी जर्मनीवरच्या बॉम्बहल्ल्यांच्या, पॅसिफिकच्या. आणि हे सगळं ज्या विमानात बसून ते सांगत होते, त्याची सगळ्यात जास्त वर्षं गेली होती भारतीय वायुसेनेत. गंमत अशी की काही वर्षं त्या विमानावर ड्रॅगनचं भलंमोठं चित्र होतं, अमेरिकेच्या एका युद्धकाळातल्या विमानाची आठवण म्हणून. आपल्या सहा नंबर स्क्वाड्रनचं नावही ड्रॅगन्सच. रंगवणाऱ्यांच्या मनात पुणं नव्हतं, पण योगायोग बघा. त्याच पत्र्याच्या आत बसून चहा प्यायलेला आपला माणूस मात्र कुठल्या विमानतळावर जाणार होता?

लिबरेटरनंतर गस्तीचं काम सुपर कॉन्स्टेलेशनकडे आलं. ही मूळची एअर इंडियाची प्रवासी विमानं, तीन शेपट्यांची, अतिशय देखणी. एअर इंडियाने त्यांना राण्यांची नावं दिली होती. जेटचा जमाना आल्यावर ती वायुसेनेकडे आली, आणि १९७६ मध्ये समुद्रावरची गस्त वायुसेनेकडून काढून नौदलाला देण्यात आली तेव्हा पाच विमानं गोव्याला दाबोळीला गेली. हे काम कुणाचं यावर दोन्ही दलांत बरीच वर्षं ओढाताण चालली होती. माझ्या मते निर्णय बरोबर होता. ज्याला समुद्र कळतो त्यानेच त्याच्यावर नजर ठेवावी. १९७७ मध्ये रशियन इल्युशिन-३८ आली, १९८८ मध्ये अवाढव्य तुपोलेव-१४२.

त्या सुपर कॉन्स्टेलेशनपैकी एक आज दाबोळीजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाच्या विमान संग्रहालयात उघड्यावर उभं आहे. हे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झालं. गोव्याला जाणारे आपले लोक बीच बघतात आणि परत येतात. मी म्हणतो दोन तास काढा. तिथे पाण्यावर उतरणारं शॉर्ट सीलँड आहे, नौदलाने १९५३ मध्ये विमानं घेतली ती यांच्यापासून. आणि तिथे अलीझे आहे.

अलीझे हे फ्रेंच विमान, विक्रांत या विमानवाहू जहाजावरचं. नावाचा अर्थ व्यापारी वारे. काम पाणबुड्या शोधण्याचं. आत तीन माणसं, पुढे एकच इंजिन. मी गेलो त्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ नातवाला त्याच्या पोटाखाली वाकून दाखवत होते, "हितनं रडारचा डबा खाली यायचा, उतरताना वर घ्यायचा विसरला तर खेळ खलास." मी जवळ गेलो, नमस्कार केला. जहाजावर ग्राउंड क्रूला होते. म्हणाले, विमान खाली आलं की आधी गोड्या पाण्याने धुवायचं, कारण मीठ पत्रा खातं. पंख दुमडायचे, साखळ्यांनी डेकला बांधायचे. रात्री जहाज हललं की साखळ्या करकरायच्या आणि झोपेतही कळायचं की कुठली ढिली झालीय. फलकावर इंजिनाची ताकद होती, वेग होता, पल्ला होता. साखळीचा आवाज नव्हता.

"तुम्ही कुठले?" त्यांनी विचारलं. म्हटलं, गोंदियाकडचा. "मग तुमच्याकडे तळी," म्हणाले, "समुद्र कुठं?" मी हसलो, कारण खरंच आहे. नवेगावबांधच्या तलावाला लाटा आल्या की आमच्या लहानपणी आम्हाला तोच समुद्र वाटायचा.

अलीझेची एक गोष्ट मात्र कुठल्याही फलकावर मोठ्या अक्षरात लिहायला हवी. १९७१ च्या युद्धात पूर्वेकडे विक्रांतवरच्या विमानांनी कॉक्स बाजार, चितगाव, खुलना इथे हल्ले केले, ते आपण ऐकतो. पश्चिमेकडे ९ डिसेंबरच्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने आपली खुकरी ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबतच गेले. त्या पाणबुडीचा शोध लगेच सुरू झाला. दुसऱ्या दिवशी, १० डिसेंबरला, गस्तीवरच्या एका अलीझेला पाकिस्तानच्या एफ-१०४ स्टारफायटर या जेटने गाठलं. आवाजापेक्षा दुप्पट वेगाने जाणारं जेट, आणि समोर ताशी पाचशे किलोमीटरसुद्धा मुश्किलीने गाठणारं पंख्याचं विमान. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट एच. एस. सिरोही आणि एअरक्रूमन विजयन परत आले नाहीत. अशोक रॉय यांचं नाव पुढे पाकिस्तानात कैदेत असल्याचा संशय असलेल्या ५४ बेपत्ता सैनिकांच्या यादीत आलं. त्या यादीतल्या घरांनी पन्नास वर्षं वाट बघितली. जिथे गस्तीत काहीच घडत नाही असं मी वर म्हटलं, तिथे घडलं तर असं घडतं.

आता विक्रांत. १९६१ मध्ये नौदलात आलेलं हे जहाज ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झालं आणि २००१ पासून मुंबईत म्युझियम म्हणून लोकांना दाखवलं जाऊ लागलं. डेकवर अलीझे होतं, सीहॉक होतं. विदर्भातून शाळेच्या सहलीला गेलेली कितीतरी पोरं त्या डेकवर धावलीत. २०१२ मध्ये जहाज धोकादायक झालं म्हणून बंद केलं. कायमचं उभं करायला पैसा कोण देणार, यावर वर्षानुवर्षं चर्चा झाली. शेवटी २०१४ मध्ये सुमारे ६० कोटी रुपयांना भंगारात गेलं. लोक कोर्टात गेले, सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, पण उपयोग झाला नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये दारूखान्याला तोडायला सुरुवात झाली. पुढे त्यातलं थोडं पोलाद एका मोटारसायकलच्या टाकीत वापरलं गेलं आणि त्याची जाहिरात झाली. काहींना तो सन्मान वाटला. मला वाटला नाही, पण मतं वेगळी असू शकतात.

विराटचंही तेच. १ नोव्हेंबर २०१८ ला राज्याच्या मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीजवळ विराटचं म्युझियम करायला ८५२ कोटींच्या योजनेला मंजुरी दिली. पेपरात मोठ्या बातम्या आल्या. सप्टेंबर २०२० मध्ये विराट तोडायला गुजरातला अलंगला निघालं. सरकार कुठल्या पक्षाचं होतं याने इथे फरक पडलेला नाही, म्हणून कमेंटमध्ये त्यावरून भांडू नका.

मग आंध्रने काय केलं ते बघा. विशाखापट्टणमला समुद्रकिनाऱ्यावर कुरसुरा ही अख्खी पाणबुडी २००२ पासून म्युझियम म्हणून ठेवलीय. तिथे माहिती द्यायला निवृत्त नौसैनिक नेमले. पाणबुडीत झोपायची फळी केवढी होती, हे त्या फळीवर झोपलेला माणूस सांगतो. फरक इथे पडतो. त्याच रस्त्यावर समोर तुपोलेव-१४२ आहे. २९ मार्च २०१७ ला ती विमानं निवृत्त झाली, त्यातलं एक उडत विशाखापट्टणमला आलं, तिथे सुटं करून किनाऱ्यावर आणून पुन्हा जोडलं आणि डिसेंबर २०१७ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते उद्घाटन झालं. निवृत्तीपासून म्युझियमपर्यंत नऊ महिने. इच्छा असली की होतं. आपल्याकडचे लोक रायपूरमार्गे विशाखापट्टणमला देवदर्शन आणि समुद्र असं दोन्ही करून येतात. पुढच्या वेळी हेही बघा.

आता बिरसी.

कोहमाऱ्याहून गोरेगावमार्गे गोंदिया आणि तिथून कामठ्याकडे निघालं की बिरसीचा विमानतळ. ही धावपट्टी ब्रिटिशांनी १९४० साली महायुद्धासाठी बांधली. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता, आपण भंडारा जिल्ह्यात, मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. पुढे ती सार्वजनिक बांधकाम खात्याकडे राहिली, १९९८ मध्ये एमआयडीसीकडे गेली, २००५ च्या अखेरीपासून विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. आज तिथे पायलट घडवणारी संस्था आहे. शेतात धान लावताना डोक्यावरून घिरट्या घालणारी छोटी विमानं आपल्या ओळखीची झालीत. विमानतळाला जमिनी दिलेल्या लोकांच्या पुनर्वसनाचा प्रश्नही ओळखीचा झालाय, तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे.

पण १९४० मध्ये ती माती कुणी वाहिली? युद्धकाळात अशा धावपट्ट्या देशभर बांधल्या गेल्या, त्या बहुतेक हातांनी आणि डोक्यावरच्या टोपल्यांनी. बायाबापडे, पोरंसोरं रोजीवर. त्या वेळी पंधरा वर्षांचं असलेलं पोरगं आज शंभरी ओलांडून पुढे असणार. म्हणजे बिरसीला टोपली वाहणाऱ्याला विचारायची वेळ जवळजवळ निघून गेली. कुणाच्या आजा-आजीने सांगितलेलं कुणाला आठवत असेल तर तेवढंच हातात आहे.

लिबरेटरच्या शेवटच्या वर्षी, १९६८ मध्ये, विशीत असलेला एअरमन आज ऐंशीच्या आसपास आहे. १९७१ चा नौसैनिक पंच्याहत्तरच्या पुढे. ही माणसं आपल्या तालुक्यांतही आहेत. सडक अर्जुनीत, देवरीत, मोरगावात, पेन्शनच्या कामाला बँकेच्या रांगेत उभी दिसतात. पंधरा ऑगस्टला त्यांना शाल-श्रीफळ देऊन खुर्चीवर बसवतात, भाषण मात्र दुसराच कुणी करतो.

आपल्या जिल्ह्यात चौकात ठेवायला एखादं जुनं विमान मिळावं, अशी मागणी अधूनमधून कुणी तरी करतं. मिळालं तर आनंदच आहे. पण नुसतं चबुतऱ्यावर ठेवून रंग मारला तर दोन वर्षांत त्याच्या पंखाखाली पानठेला लागेल. आधी माणसं नोंदवा, विमान नंतर येऊ द्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे माजी सैनिकांची यादी असतेच. गोंदिया-अर्जुनीच्या कॉलेजांत इतिहास विभाग आहेत. विद्यार्थ्यांना प्रोजेक्ट द्यावाच लागतो. प्रत्येकाने दोन घरं घेतली तरी एका वर्षात केवढं जमा होईल! खर्च मोबाईलच्या चार्जिंगचा.

तोपर्यंत ज्यांच्या घरात कुणी वायुसेनेत, नौदलात किंवा सैन्यात होतं, त्यांनी या दिवाळीत थोडं बसावं. लढाई किती जिंकली हे विचारू नका, ते पुस्तकात सापडतं. विचारा की भरतीला घरून निघाले तेव्हा सोबत काय होतं, गाडी कुठून पकडली. पहिला पगार किती आणि त्यातले घरी किती पाठवले. कोणत्या मशीनवर हात बसला होता, कोणता पाना सगळ्यात जास्त वापरला. घरचं पत्र किती दिवसांनी पोचायचं आणि वाचून कोण दाखवायचं. सोबतच्या कोण परत आलं नाही. जुनं पे-बुक, डिस्चार्जचा कागद, ग्रुप फोटो असेल तर त्याचा फोटो काढा, मागे नावं लिहिलेली असतील तर मागच्या बाजूचाही. बोलताना मधे थांबले तर थांबू द्या, रेकॉर्डिंग बंद करू नका.